जड पाणी आणि साबणाचा हिशेब

विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पाणी तापविण्याच्या भांड्यास आतून पांढरी खपली धरते, हे गृहिणींच्या नित्य अनुभवातले आहे. अशा पाण्यास घरोघर ‘जड पाणी’ म्हणतात. शास्त्रीय परिभाषेत त्यास ‘दुष्फेन’ हे नाव आहे. ते डोळ्यांस स्वच्छ दिसते व जिभेसही बहुधा वाईट लागत नाही. मात्र त्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. हा अनुभव फार जुना व सर्व देशांतला आहे. परंतु त्याचा रोकडा हिशेब मांडला गेला तो एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये, आणि त्यास निमित्त झाले शहरातील नळाचे.

नळापूर्वी गृहिणीस थोडी तरी निवड होती. विहिरीचे पाणी पिण्यास घ्यावे आणि पन्हाळीखाली पिंप ठेवून साठविलेले पावसाचे पाणी धुण्यास राखावे, अशी सोय करता येई. नळ आला आणि सर्व कामांस एकच पाणी झाले. लंडन शहरात ते पाणी खाजगी कंपन्या पुरवीत. त्या प्रदेशात खडूच्या टेकड्या पसरलेल्या आहेत. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कर्बाम्ल वायू शोषून जमिनीत उतरते, आणि अशा पाण्यात खडू विरघळतो. तेच पाणी थेम्स नदीत व झऱ्यांत आणि तेथून नळांत येई. चहाच्या किटलीत खडूचा थर साचे, तो गोळा व्हावा म्हणून पुष्कळ घरी किटलीत कालवाचा शिंपला टाकून ठेवीत.

किटलीपेक्षा मोठी हानी धुण्याच्या टबात होई. जड पाण्यात साबण पडला की प्रथम चुना त्यास गाठतो. दोहोंचा चिकट, दह्यासारखा साका बनतो. तो मळ तर काढीत नाहीच, उलट कपड्यास चिकटून त्याचा रंग मळकट करतो. पाण्यातील सर्व चुन्याची अशी तृप्ती झाल्यावरच उरलेला साबण धुण्याच्या कामी येतो. रासायनिक हिशेबाने एक शेर खडू सुमारे सहा शेर शुद्ध साबण निकामी करतो. त्यातच त्या काळी ब्रिटनमध्ये साबणावर सरकारी कर होता. १८३३ मध्ये तो निम्म्यावर आणला, तरी पौंडामागे दीड पेनी राहिला, आणि १८५३ पर्यंत तो उठला नाही. म्हणजे गरीब घरातील बाई वाया जाणाऱ्या साबणाची किंमत देई, त्यावरचा कर देई, आणि चोळून चोळून विरलेल्या कपड्यांचा तोटाही सोशी. धुण्याचा सोडा टाकून साबण वाचविता येई. पण सोडा अधिक पडला तर हातांची आग होई.

ह्या तक्रारीस आकड्याचे रूप दिले टॉमस क्लार्क ह्या रसायनशास्त्रज्ञाने. ते १८३३ पासून स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील मॅरिशल कॉलेजात अध्यापक होते. त्यांची परीक्षा साधी होती. मोजलेले पाणी बाटलीत घ्यावयाचे, त्यात ठराविक बळाचे साबणाचे द्रावण थोडे थोडे घालून हलवावयाचे, आणि फेस पाच मिनिटे टिकला की किती द्रावण लागले ते पाहावयाचे. एका गॅलन पाण्यात एक ग्रेन खडूइतका चुना असला तर एक अंश जडपणा धरावयाचा. जे धुणारीस हातांनी कळत होते, ते आता कागदावर मांडता येऊ लागले.

क्लार्क मापून थांबले नाहीत. १८४१ मध्ये त्यांनी जडपणा घालविण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. ही कृती म्हणजे काट्याने काटा काढण्याचा प्रकार होय. खडू पाण्यात विरघळून राहतो तो कर्बाम्ल वायूच्या आधाराने. अशा पाण्यात चुन्याची निवळी बेताने मिसळली असता ती निवळी तो वायू खाऊन टाकते. मग पाण्यातला खडू आणि घातलेला चुना दोन्ही खडूच्याच रूपाने तळाशी बसतात व वर हलके पाणी उरते. पाणी उकळल्याने जो जडपणा जातो, तोच ह्या कृतीने जातो. जिप्समसारख्या क्षारांचा स्थायी जडपणा मात्र तसाच राहतो.

उपाय स्वस्त होता, तरी तो सर्वत्र का पसरला नाही? चुना, हौद आणि मजूर ह्यांचा खर्च कंपनीने करावयाचा आणि साबण वाचावयाचा तो गिऱ्हाइकाच्या घरी! १८५० मध्ये सरकारी आरोग्य मंडळाने लंडनकरिता सरे परगण्यातील वालुकामय जमिनीतून हलके पाणी आणावे अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. १८५२ च्या कायद्याने घरगुती वापराचे पाणी गाळून देणे कंपन्यांस भाग पाडले. पटकीच्या भयापुढे ते अगत्याचेही होते. परंतु जडपणा काढण्याची सक्ती झाली नाही. प्लमस्टेड येथे १८५४ च्या सुमारास क्लार्क ह्यांची कृती चालू झाली. पुढे तो कारखाना दुसऱ्या कंपनीकडे गेला व ती बंद पडली. लंडनच्या नळाचे पाणी आजही जडच आहे.

ग्लासगो शहराची गोष्ट निराळी. तेथे पाण्याचा कारभार नगरपालिकेने स्वतःकडे घेतला. १८५५ मध्ये कायदा झाला. बेटमन ह्या अभियंत्याने डोंगरांतील लॉक कॅट्रिन सरोवराचे पाणी बोगद्यांतून व नळांतून शहरात आणले, आणि १४ ऑक्टोबर १८५९ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते ते सुरू झाले. हे पाणी अतिशय हलके. त्यामुळे शहराचा साबणावरील खर्च वर्षास ३६,००० पौंडांनी कमी झाला, असा अंदाज त्या काळी सांगितला जाई. येथे खर्च करणारे व लाभ घेणारे एकच, म्हणजे नागरिक, होते.

तथापि हलक्या पाण्याचाही एक दोष आहे. जड पाणी नळाच्या आतून खपलीचे अस्तर धरते. हलके, किंचित आम्ल पाणी शिशाचे नळ विरघळविते. ही शंका योजनेच्या वेळीच निघाली होती, पण ती मागे पडली. सव्वाशे वर्षांनी घराघरांतील शिशाच्या नळांमुळे पाण्यात शिसे उतरते असे सिद्ध झाले, आणि १९७८ पासून लॉक कॅट्रिनच्या पाण्यात चुना मिसळण्यात येऊ लागला. ज्या चुन्याने क्लार्क ह्यांनी जडपणा काढला, तोच आता मुलाबाळांच्या रक्षणाकरिता पाण्यात घालावा लागला. साबणाच्या हिशेबात घरातल्या नळाचे खाते धरावयाचे राहून गेले होते.