प्रश्नाला उत्तर देणारा अध्यापक

1927 सालीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढणारे रघुनाथ धोंडो कर्वे मूळचे गणिताचे अध्यापक. समलिंगी आकर्षणादि विषयांवरील वाचकांच्या प्रश्नांना त्यांनीं उत्तरें छापलीं, म्हणून 1934 सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. डॉ. आंबेडकरांनीं वकिली केली, तरी शिक्षा टळली नाहीं. पुढें 2018 सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्रौढांचे संमतीचे असे संबंध गुन्ह्यांतून वगळले; 2019 च्या कायद्यानें तृतीयपंथी मुलांना भेदभावाविना शिकविणें मान्यताप्राप्त शाळांवर बंधनकारक केलें. अचलपूरच्या शाळांनाही तो लागू आहे. परंतु चालण्याबोलण्यावरून एखाद्या मुलाची वर्गांत टवाळी होतांना गुरुजी गप्प बसले, तर कायदा पुस्तकांतच राहतो आणि तें मूल शाळा सोडून जातें. कर्व्यांना उत्तर दिल्याबद्दल शिक्षा झाली. आतां उत्तर न देणें हाच शिक्षकाचा दोष होय.