आठ नंबरची तार

मैसूरहून मडिकेरीला जाताना वाटेत पिरियापट्टण लागतं. आजूबाजूला तंबाखूची शेतं, पुढे बैलकुप्पेची तिबेटी वसाहत. गेल्या सुट्टीत तिथे थांबलो ते आमच्या उस्तादांसाठी. सिग्नल्समधून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब. चहा झाल्यावर त्यांनी ट्रंकेतून एक जुनी केबल काढली. "साब, पहचाना?"

न ओळखून कसं चालेल!

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते टेलिफोनच्या तारेवरून. घरचा मॉडेम किंचाळायचा, पलीकडे दुसरा मॉडेम फोन उचलायचा. त्या काळी अशा मॉडेमची रांग असे आणि प्रत्येकापासून एक सीरियल केबल अ‍ॅक्सेस सर्व्हरला जाई. केबलचं मानक आरएस-२३२, अमेरिकेत १९६०मध्ये ठरलेलं. कनेक्टरला २५ पिना. दोन नंबरवरून सर्व्हरचा डेटा मॉडेमकडे, तीनवरून मॉडेमचा सर्व्हरकडे, सात नंबर ग्राउंड. तीन तारांत काम चालतं आणि नवशिका तिथेच फसतो.

मीही फसलो. एनडीए, मग कमिशन. नवा लेफ्टनंट, अंगात घाई. प्रात्यक्षिकात आठ केबली तीन-तीन तारांच्या करून मोकळा झालो. लॉगिन केलं, लाइन तोडली. उस्तादांनी दुसऱ्या फोनवरून तोच नंबर फिरवला. पासवर्ड विचारलाच गेला नाही. ते थेट माझ्या सेशनमध्ये, माझ्या नावाने!

लाइन पडली हे सर्व्हरला सांगते ती आठ नंबरची तार. ते कळलं की सर्व्हर सेशन बंद करतो. वीस नंबर उलट दिशेची: सर्व्हरचा 'तयार' सिग्नल गेला की मॉडेमने फोन ठेवायचा. दोन्ही मी गाळल्या होत्या.

उस्ताद रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "साब, संतरी पोस्ट पर है, ये सब बताते हैं. चला गया, ये कौन बताएगा?" रात्रभर बसून आठही केबली पुन्हा सोल्डर केल्या.

पुढे एका ई-वन लाइनवर ३० कॉल थेट सर्व्हरमधल्या डिजिटल मॉडेमवर येऊ लागले आणि केबलींची ती जुडगी गेली.

पिरियापट्टणच्या ओसरीवर मी कनेक्टरचं झाकण उघडलं. आठ नंबरवर सोल्डरचा ओबडधोबड गोळा. माझ्याच हातचा.

जय हिंद.