जंजिरा बेटावरील वस्ती आणि मालमत्तेचा हक्क : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

जंजिऱ्याचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने युद्धांच्या अंगाने लिहिला गेला आहे. किल्ला कोणी जिंकला आणि कोणाला जिंकता आला नाही, याची चर्चा विपुल आहे. परंतु त्या बेटावर व समोरच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांचे घर, शेत, पाणी आणि मासेमारीची जागा कोणाच्या नावावर होती आणि राज्य बदलल्यावर त्या हक्कांचे काय झाले, या प्रश्नाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे. बेटावरील गावांपुढे हा प्रश्न सर्वत्र सारख्याच स्वरूपात उभा राहतो, म्हणून शेवटी इंडोनेशियाचे उदाहरण तुलनेसाठी घेतले आहे. पुढील विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी अशी अपेक्षा आहे : किनारपट्टीवरील माणसाचा ताबा पिढ्यान्‌पिढ्यांचा असला तरी राजवट बदलते तेव्हा त्याला त्याच्या दप्तरातील नोंदीचीच साथ मिळते.

किल्ल्यातील वस्ती

'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा' म्हणजे बेट या शब्दावरून आला आहे. राजपुरीसमोरच्या या खडकाळ बेटावर प्रथम कोळ्यांनी चाचेगिरीपासून संरक्षणासाठी लाकडी मेढेकोट उभारला होता आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो निजामशाही सरदाराने घेतला, अशी परंपरा आहे. म्हणजे बेटावरील पहिला हक्क कष्टकरी कोळ्यांचा होता. पुढे सिद्दींची सत्ता स्थिर झाली. आज दिसणाऱ्या भक्कम तटबंदीच्या आत सुमारे बावीस एकर जागा, गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव, मशीद आणि सिद्दी सुरुलखानाच्या वाड्याचे अवशेष आहेत. येथे तीन मोहल्ले होते. त्यांपैकी दोन मुसलमानांचे व एक इतरांचा, असे सांगितले जाते.

सिद्दींच्या राज्यात गादी दीर्घकाळ केवळ वंशपरंपरेने जात नसे. सिद्दी सरदारांच्या संमतीला महत्त्व होते. त्यामुळे बेटावरील जागा ही पुष्कळ अंशी सेवेशी जोडलेली होती. जो राज्याची चाकरी करी त्याला राहण्यास जागा, धान्य आणि मान मिळे. ही व्यवस्था राज्य टिकून असेपर्यंत सुरक्षित होती. मात्र चाकरीतून मिळालेली जागा आणि विकत घेतलेली जागा यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक असतो, आणि तो फरक चाकरी संपल्यावरच लक्षात येतो.

कागद व ताबा यांतील अंतराचे एक बोलके उदाहरण राजकीय इतिहासातही सापडते. गादीच्या वादात सिद्दी जौहराने जंजिरा ताब्यात घेतला, तेव्हा दुसरे दावेदार बाळूमियाँ पेशव्यांकडे गेले. १७९१ च्या करारान्वये त्यांनी जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला व त्याबदल्यात सुरतेजवळचा सचिनचा प्रदेश घेतला. बाळूमियाँच्या वंशजांनी सचिनवर १९४८ पर्यंत राज्य केले. पेशव्यांना मात्र जंजिऱ्याचा केवळ कागद मिळाला, बेट मिळाले नाही. बलाढ्य सत्तेलाही ताब्यावाचून कागद निरुपयोगी ठरला. सामान्य रयतेच्या बाबतीत नेमके उलटे घडत आले. तिच्याजवळ ताबा होता, कागद नव्हता.

बेटाकडून मुरुडकडे

इंग्रजांनी १८३४ मध्ये जंजिरा आपल्या सत्तेखाली असल्याचे जाहीर करून तेथील टांकसाळ बंद केली. १८७० पासून तेथे इंग्रज अधिकारी राहू लागला. नवाब सिद्दी अहमदखान (१८७९–१९२२) यांच्या काळात कारभाराचे केंद्र मुरुड येथे पक्के झाले. तेथे राजवाडा झाला आणि गारंबीच्या धरणातून शहराला पाणी मिळू लागले. शाळा, कचेरी, बाजार व नळाचे पाणी किनाऱ्यावर आल्यावर बेटावर राहण्याची कारणे एकेक करून कमी होत गेली. तलावाचे पाणी पुरेसे असले तरी मुलाला शाळेत पाठविण्यासाठी, आजाऱ्याला वैद्याकडे नेण्यासाठी होडीच लागे. पावसाळ्यात तीही मिळेलच असे नव्हते.

जानेवारी १९४८ मध्ये नानासाहेब पुरोहित व मोहन धारिया यांच्या नेतृत्वाखालील लोकसेनेने संस्थानात उठाव केला आणि मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजाश्रय संपल्यावर किल्ल्यातील वस्ती क्रमाक्रमाने उठून राजपुरी, मुरुड व मुंबईकडे गेली. आज किल्ला हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. तेथे पर्यटक दिवसभरासाठी शिडाच्या होडीतून जातात आणि परत येतात. ही वस्ती कोणी तलवारीच्या जोरावर हुसकावली नाही. उपजीविका, शाळा आणि मालकीची नोंद या तीन आधारांपैकी एकही तेथे उरला नाही, म्हणून ती उठली.

जमीन, खोत आणि कूळ

बेटासमोरच्या मुलखात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. कोकणात खोत हा सरकार व कूळ यांच्यामधला मध्यस्थ होता. खोतांमध्ये हिंदूही होते, मुसलमानही होते. कुळांमध्येही दोन्ही समाज होते. म्हणून खोतीचा इतिहास धर्माच्या चौकटीत मांडणे चुकीचे ठरेल. अलिबागजवळील चरी येथील शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ असा चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला.

ब्रिटिश मुलखातील खोती १९४९ च्या कायद्याने गेली. जंजिरा व भोर या विलीन संस्थानांसाठी १९५३ मध्ये खोती नष्ट करणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यानंतर कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे 'कृषक दिनी', जमीन कसणारे कूळ मालक मानले गेले. शतकानुशतके दुसऱ्याच्या जमिनीत राबणाऱ्यांना यामुळे प्रथमच सातबाऱ्यावर मालक म्हणून स्थान मिळाले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हा बदल मूलगामी होता, यात शंका नाही.

मात्र याच बदलाची दुसरी बाजू कोकणी मुसलमानांच्या इतिहासात दिसते. या समाजातील अनेक पुरुष जहाजांवर खलाशी म्हणून, मुंबईच्या गोदीत किंवा आफ्रिकेत कामासाठी जात. गावची थोडीशी जमीन शेजाऱ्याकडे कसायला दिलेली असे. कायद्याने अज्ञान बालक, विधवा, अपंग व सैन्यातील व्यक्ती यांच्या जमिनींबाबत मुदत दिली होती. व्यापारी जहाजावरील खलाशाचा त्या यादीत समावेश नव्हता. त्यामुळे मोठा खोत आणि दोन एकरांचा गैरहजर खलाशी कायद्यापुढे एकाच रांगेत उभे राहिले. खोताकडे वकील होता. खलाशाच्या घरी नोटीस आली तरी ती वाचणारे कोणी असेलच असे नव्हते.

वारसा आणि बंद घरे

१९७० नंतर आखाती देशांतील कमाईने किनाऱ्यावरील गावांचे रूप बदलले. कौलारू घरांच्या जागी सिमेंटची घरे आली. परंतु ज्यांनी ती बांधली त्यांपैकी अनेकांची कुटुंबे मुंबई, मुंब्रा किंवा परदेशात स्थायिक झाली. घरे वर्षातील बहुतेक काळ बंद राहू लागली. वारसांची नोंद वेळेवर न झाल्यामुळे सातबाऱ्यावर आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव तसेच राहते आणि एका लहानशा वाडीला अनेक हिस्सेदार होतात. विकायचे म्हटले तर सर्वांच्या सह्या मिळत नाहीत. राखायचे म्हटले तर जबाबदारी कोणाचीच नसते.

यात स्त्रियांच्या वाट्याचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. शरीअतने मुलीचा हिस्सा निश्चित केला आहे. तथापि १९३७ च्या शरीअत कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळलेली आहे, कारण तो विषय त्या वेळी प्रांतांकडे होता. याखेरीज, बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत सर्वच समाजांत रूढ आहे. धर्माने दिलेला हिस्सा रीतीने काढून घेतला जात असेल, तर त्याची चिकित्सा आपण शिक्षकांनी वर्गात करणे आवश्यक आहे.

कोळी समाजाचा प्रश्न याहून वेगळा आहे. समुद्राचा सातबारा नसतो. मासळी वाळविण्याची आणि होड्या ओढून ठेवण्याची जागा बहुधा सरकारी असते. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर निर्बंध आणले. त्याचप्रमाणे नवाबांच्या शिकारीचे फणसाड येथील जंगल १९८६ मध्ये अभयारण्य झाले. किनारा व वन यांचे रक्षण आवश्यकच आहे. पण ज्यांचा वापर जुना व नोंद अपुरी, त्यांच्यावरच अशा निर्बंधांचा भार अधिक पडतो.

इंडोनेशियाचा धडा

कोकणी मुसलमान आणि इंडोनेशियातील मुसलमान हे दोघेही शाफई पंथाचे आहेत. हिंदी महासागरातील जुन्या व्यापाराची ती खूण आहे. मालमत्तेच्या बाबतीतही दोहोंचे अनुभव मिळतेजुळते आहेत. डच सरकारने १८७० मध्ये असे जाहीर केले की, ज्या जमिनीची मालकी सिद्ध होत नाही ती सरकारची. 'आदात' म्हणजे रूढीनुसार जमीन वापरणाऱ्या गावांकडे डच पद्धतीचा पुरावा असणे शक्यच नव्हते. स्वतंत्र इंडोनेशियाने १९६० च्या जमीन कायद्यात आदातला स्थान दिले, परंतु राष्ट्रहिताच्या अधीन राहून. रूढीने गावांची असलेली वने म्हणजे सरकारी वने नव्हेत, असे तेथील घटना न्यायालयाने सांगायला २०१३ साल उजाडले. २०२३ मध्ये रेम्पांग बेटावरील जुन्या मलय गावांना एका औद्योगिक प्रकल्पासाठी हटविण्यावरून तेथे मोठा संघर्ष झाला. गावे पिढ्यान्‌पिढ्यांची होती, पण जमिनीवरचा अधिकार दुसऱ्याच कचेरीत होता.

वारशाच्या बाबतीत मात्र सुमात्रातील मिनांगकाबाऊ समाजाचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे वडिलोपार्जित जमीन मातृवंशाने जाते. १९५२ मध्ये बुकितिंगी येथे उलेमा आणि कुळांचे प्रमुख एकत्र बसले आणि वडिलोपार्जित संपत्ती आदातनुसार, तर स्वकष्टार्जित संपत्ती शरीअतनुसार जावी, असे त्यांनी ठरविले. हा निर्णय आपल्याला लागू करता येईल असे नाही. पण समाजाने आपला मालमत्तेचा प्रश्न उघडपणे चर्चेला घेतला, ही बाब अनुकरणीय आहे.

अध्यापनातील उपयोग

नानाखेडा, उज्जैन येथील आपल्या वर्गांतील विद्यार्थ्यांना समुद्र दूरचा वाटेल. तथापि उज्जैनही संस्थानी मुलूखच होता. ग्वाल्हेर संस्थान १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन झाले, १९५१ मध्ये जमीनदारी व जहागिरी नष्ट करणारे कायदे झाले आणि १९५६ मध्ये हा प्रदेश मध्य प्रदेशात आला. प्रत्येक टप्प्यावर दप्तर बदलले. विद्यार्थ्यांना आपल्या घराण्याचा खसरा किंवा सातबारा, फेरफार अथवा नामांतरणाची नोंद, आणि घराची मिळकत पत्रिका मिळवून वाचायला सांगावे. नोंद शेवटची केव्हा झाली, तीत आत्या व बहिणींची नावे आहेत काय, मशीद व कब्रस्तानाची जागा कोणाच्या नावे आहे, हे तीन प्रश्न त्यांनी विचारावेत.

समारोप

जंजिऱ्याच्या किल्ल्यातील मोहल्ले पुन्हा वसणार नाहीत. परंतु राजपुरी, मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा या परिसरातील गावे आजही नांदती आहेत. गावठाणातील घरांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना २०२० मध्ये देशभर जाहीर झाली. अशा मोजणीच्या वेळी जो हजर असतो आणि नोंद तपासून हरकत घेतो, त्याचाच हक्क पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतो. परगावी गेलेल्या मुलांना आणि सासरी गेलेल्या मुलींना त्या दिवशी गावी बोलावून घेण्याचे काम शाळा, जमात व ग्रामपंचायत यांनी मिळून केले पाहिजे.