माकडताप : रानउंदीर व चिचुंद्रीची भूमिका

सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात गोचिडीमार्फत पसरणारा विषाणुजन्य ताप. शास्त्रीय लेखनात याला क्यासनूर वनज्वर म्हणतात. मेलेले माकड लगेच नजरेत भरते, त्यामुळे सगळी चर्चा माकडाभोवतीच फिरते. विषाणूचे जंगलातले वर्षभराचे बस्तान मात्र बऱ्याच अंशी रानउंदीर, चिचुंद्री आणि खार अशा लहान सस्तन प्राण्यांवर अवलंबून असावे, असे अभ्यासक मानतात.

१९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि आसपासची माणसे तापाने फणफणली. पीतज्वर भारतात शिरला की काय, ही पहिली भीती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) विषाणू वेगळा केला, तेव्हा तो रशियाच्या जंगलांतील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूंचा भाऊबंद निघाला. साहजिकच संशय उत्तरेकडून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांवर गेला. सालिम अलींच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. त्यातून पक्षिशास्त्राचे भले झाले. विषाणू पक्ष्यांनी आणल्याचे मात्र काही सिद्ध झाले नाही. जंगलाच्या जमिनीलगतच शोध चालू ठेवावा लागला.

या रोगाची मुख्य वाहक म्हणजे हिमॅफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड. तिला आयुष्यात तीन वेळा, तीन वेगवेगळ्या प्राण्यांचे रक्त लागते. पावसाळ्यात पूर्ण वाढलेली मादी गुरांवर किंवा गव्या-सांबरांवर पोट भरते, गळून पडते आणि पाचोळ्यात अंड्यांचा ढीग घालून मरते. पाऊस सरताना अंड्यांतून सहा पायांचे, मोहरीहूनही लहान डिंभ निघतात. ते खाली हिंडणारे उंदीर, चिचुंद्र्या, जमिनीवर चरणारे पक्षी आणि माकडे यांना चिकटतात. रक्त पिऊन कात टाकली की आठ पायांचे अर्भक तयार होते आणि माणसाला बहुधा हेच चावते.

खरी मेख इथे आहे. मादीकडून अंड्यांवाटे पुढच्या पिढीत विषाणू जाण्याचे प्रमाण या गोचिडीत नगण्य मानले जाते. म्हणजे दर हंगामातले डिंभ जवळजवळ कोरेच जन्मतात. विषाणू त्यांना पहिल्या रक्तातूनच मिळायला हवा. गुरांच्या रक्तात तो पुरेसा वाढत नाही. माकडाच्या रक्तात भरपूर वाढतो, पण माकड बहुधा मरते. त्याचे अंग गार पडताच गोचिडी उतरतात आणि तेवढी जागा काही काळ धोक्याची होऊन बसते. लहान प्राण्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या रक्तात विषाणू काही दिवस फिरतो, पण प्राणी सहसा आजारी दिसतही नाही. तेवढ्या दिवसांत अंगावरचे डिंभ विषाणू उचलतात.

शेपटीचा टोकाकडचा भाग पांढरा असलेला ब्लॅनफर्डचा रानउंदीर, काळा उंदीर आणि चिचुंद्री यांच्यापासून हा विषाणू वेगळा केला गेला आहे. चिचुंद्रीला लोक सर्रास उंदरांत मोजतात, पण ती कीटकभक्षी. पकडलेला असा प्राणी निरखून पाहिला तर गोचिडी बहुतेक कानांच्या कडेला, डोळ्यांभोवती सापडतात, कारण तिथे त्याचे दात पोचत नाहीत. शिवाय लहान प्राण्यांच्या अंगावर आणि बिळांत इक्सोडिस वंशाच्या काही गोचिडी असतात. माणसाला त्या क्वचितच चावतात, पण त्यांच्यातही विषाणू सापडला आहे. त्यामुळे माकड नसतानाही उंदीर-गोचीड-उंदीर असे चक्र मुकाट्याने चालू राहत असावे, हा तर्क सयुक्तिक वाटतो. उंदरांचा वाटा नेमका किती, याबाबत मात्र एकमत नाही.

माणूस या साखळीत चुकून सापडतो. त्याच्यापासून रोग पुढे जात नाही. चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी-ताप, प्रचंड डोकेदुखी व अंगदुखी सुरू होते. काहींना रक्तस्राव होतो, तर काहींना मध्ये बरे वाटून पुन्हा ताप येतो आणि मेंदूची लक्षणे दिसतात. लागण झालेल्यांपैकी सुमारे तीन ते पाच टक्के दगावतात.

कित्येक दशके कर्नाटकापुरता मानला गेलेला हा रोग २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. कोकणातला काजूचा हंगाम आणि अर्भक-गोचिडींचा सुकाळ एकाच वेळी येतो. बोंडू वेचायला वाकलेली, भाजावळीसाठी पातेरा गोळा करणारी माणसे थेट गोचिडींच्या वावरातच हात घालतात. जंगल तोडून लावलेल्या बागांच्या कडेला घाणेरी आणि रानमोडी माजते. त्या जाळ्यांत उंदरांना आडोसा मिळतो आणि सावलीतल्या ओलाव्याने गोचिडीही तगतात. कर्नाटकात बेळ्तंगडी भागात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला काजू लागवडीसाठी जंगल तोडल्यावर मोठी साथ आली होती.

म्हणून उंदीर मारावेत, हा उपाय सुचतो खरा, पण तो जंगलात चालणारा नाही. प्राणी मेला तरी गोचीड जिवंत राहते आणि दुसरे अंग शोधते. प्लेगच्या साथीत मेलेल्या उंदरावरून उतरलेल्या पिसवा हेच करत. प्रत्यक्षात गुरांवरील गोचिडींचा बंदोबस्त, रानात जाताना हातापायांना गोचीड-प्रतिबंधक तेल लावणे आणि परतल्यावर अंघोळ करून कपडे गरम पाण्यात धुणे यांवरच भर असतो. विषाणूचा माग काढण्यासाठी पांढरे कापड पाचोळ्यावरून हळूहळू ओढतात आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने वेचून तपासणीला पाठवतात. उंदरांसाठी रात्रभर पिंजरे लावणे, पकडलेल्यांचे रक्त काढणे ही कामे त्याहून जिकिरीची आणि जोखमीची असल्याने माकडांच्या मृत्यूंची नोंद जितकी नियमित होते, तितकी या प्राण्यांची होत नाही.