संगणकाचा स्पीकर मध्येच गप्प होतो? दुकानात नेण्याआधी हे तपासा

झेंडावंदनाची तयारी झालेली असते. स्पीकर तासभर आधीच जोडून, वाजवून बघितलेला असतो. पण ऐन वेळी राष्ट्रगीत लावले की पहिले दोन-तीन शब्द ऐकूच येत नाहीत, किंवा स्पीकर गपगार. शाळा, ग्रामपंचायत आणि सेवा केंद्रात ही तक्रार नेहमीची आहे. मग "स्पीकर गेला" म्हणून तो तालुक्याला नेला जातो आणि दुकानात पिन लावताच मस्त वाजतो. अशा वेळी बऱ्याचदा स्पीकर बिघडलेला नसतो, तो झोपलेला असतो.

असे का होते?

वीज वाचवण्यासाठी बऱ्याच स्पीकरमध्ये आपोआप बंद होण्याची सोय असते. साधारण 10 ते 20 मिनिटे आवाज आला नाही की तो झोपतो. युरोपात 2013 पासून अनेक विजेच्या उपकरणांना अशी सोय बंधनकारक झाली, आणि तेच मॉडेल इतर देशांतही विकले जातात. दुसरीकडे संगणकही वीज वाचवायला रिकामा यूएसबी पोर्ट किंवा साऊंड कार्ड झोपवतो. म्हणून झोपतो कोण, हे आधी ओळखावे.

मोबाईलने परीक्षा

स्पीकरची पिन संगणकातून काढून मोबाईलला लावा. गाणे वाजवा, थांबवा आणि अर्धा तास तसेच राहू द्या. परत गाणे लावल्यावर सुरुवात गिळली गेली किंवा आवाजच आला नाही, तर दोष स्पीकरकडे. लगेच वाजले तर संगणकाकडे बघावे.

स्पीकर झोपत असेल तर

- संगणकाचा आवाज 80-90 टक्के ठेवा आणि स्पीकरचे बटण कमी करा. बरेच जण उलटे करतात. संगणकातून बारीक आवाज आला की स्पीकरला तो समजतच नाही आणि गाणे चालू असतानाही तो बंद पडतो.
- मागच्या बाजूला 'ऑटो' किंवा 'ऑटो पॉवर' असा खटका आहे का बघा. असल्यास तो 'ऑन'वर करा.
- ब्लूटूथ स्पीकरही असाच बंद होतो. शक्य असेल तिथे वायर लावावी.

संगणक झोपत असेल तर

स्वस्त स्पीकरला दोन वायरी असतात: आवाजाची पिन आणि विजेसाठी यूएसबी. ही यूएसबी संगणकाऐवजी साध्या 5 व्होल्टच्या मोबाईल चार्जरला लावून बघा. पोर्ट झोपला तरी मग स्पीकरला फरक पडत नाही.

आवाजही यूएसबीतूनच येत असेल तर विंडोजमध्ये बदल करावा. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज या क्रमाने जा. तिथे यूएसबी सेटिंग्जमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' हे 'डिसेबल्ड' करा. नंतर डिव्हाइस मॅनेजर उघडून 'यूएसबी रूट हब'च्या प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याच्या परवानगीची खूण काढा. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर बॅटरी थोडी जास्त खर्च होईल, एवढेच.

आवाज एचडीएमआय वायरने टीव्ही किंवा मॉनिटरमधून येत असेल तर स्क्रीन बंद झाली की आवाजही जाऊ शकतो. स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवा.

खरा बिघाड कसा ओळखावा?

वायर हलवली की आवाज येतो-जातो: पिन सैल किंवा वायर आतून तुटलेली. मोठ्या आवाजात वाजताना बंद पडतो आणि गार झाल्यावर चालू होतो: ॲडॉप्टर कमजोर किंवा आतला भाग तापतोय. जळका वास आला तर लगेच प्लग काढावा आणि मेकॅनिकलाच दाखवावे. थेट विजेवर चालणारा स्पीकर घरी उघडू नये, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहू शकतो.

कार्यक्रमाच्या दिवशी

सेटिंग जमले नाही तरी एक साधा उपाय आहे. राष्ट्रगीत किंवा प्रार्थना लावण्याच्या मिनिटभर आधी दुसरी एखादी धून वाजवून स्पीकर जागा करून घ्यावा. मग पहिला शब्दही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो.