राख राक्षसाची की गोठ्याची?

इंग्लंडमध्ये गव्हाच्या शेतात रातोरात उमटणाऱ्या वर्तुळांचे गूढ काही वर्षांपूर्वी खूप गाजले. तिथल्या मातीत लोखंडाचे बारीक कण सापडल्याचेही सांगितले गेले. १९९१ मध्ये डग बोवर आणि डेव्ह चोर्ली या दोघांनी, यातली बरीच वर्तुळे आपणच फळी-दोरीने केली, असे कबूल केले. जमिनीवरच्या अवशेषांचे याहून जुने कोडे आपल्या कर्नाटकातच आहे.

बळ्ळारी-होसपेट रस्त्यावर कुडतिनीजवळ राखेची एक टेकडी आहे. तिच्यात वीटभट्टीतल्यासारखे चकाकणारे, सच्छिद्र खंगर सापडतात. भीमाने मारलेल्या हिडिंबासुराची ही राख, असे गावकरी सांगत. हंपीजवळच्या निंबापुरची टेकडी वालीच्या चितेची मानली जाते. अशा शंभराहून अधिक टेकड्या आहेत. एकोणिसाव्या शतकात कोणी त्या ज्वालामुखीच्या, तर कोणी भट्ट्यांच्या ठरवल्या.

उत्तराची दिशा दाखवली रॉबर्ट ब्रूस फूट यांनी. गोकाकजवळ गेंड्याचे जीवाश्म शोधणारे आणि १८७६ मध्ये दक्षिण मराठा मुलखाच्या भूगर्भावर ग्रंथ लिहिणारे ते हेच फूट. ही राख शेणाची आहे, असे ते म्हणाले. १९५७ मध्ये आजच्या तेलंगणातील उत्नूर येथे रेमंड ऑल्चिन यांनी उत्खनन केले. राखेच्या थरांत कुंपणाच्या खांबांच्या खुणा निघाल्या आणि गुरांच्या खुरांचे ठसेही! झॉयनर यांच्या तपासणीतूनही शेणच सिद्ध झाले. प्रखर आचेत शेणातली वाळू वितळून खंगर बनतात. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. के. पद्दय्या यांनी बुदिहाळ येथे गोठा आणि त्याला लागून असलेली वस्तीही उजेडात आणली. ही गोपालकांची वस्ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची.

साठलेले शेण ते पुन्हा पुन्हा का पेटवत? ऑल्चिन यांना त्यात गुरांच्या ऋतुसणाचा विधी दिसला. बेंदराला बैलांची शिंगे रंगवणाऱ्या आपल्या भागाला हे पटायला जड जाऊ नये.

दंतकथेने राक्षस चुकीचा सांगितला, पण इथे काहीतरी जाळले गेले ही आठवण मात्र खरी ठेवली. आज हीच राख खत म्हणून शेतात नेली जाते आणि टेकड्या खचत आहेत. सुट्टीत हंपीला जाल, तेव्हा वाटेत कुडतिनीला थोडे थांबा. मुलांना आधी हिडिंबासुराची गोष्ट सांगा, मग खुरांची.