दूरच्या बेटावरचे खलनायक



माझा नातू सध्या विज्ञानकथांची एक मालिका वाचतो आहे. कुठल्याशा दूरच्या ग्रहावर निरनिराळ्या जगांतले बदमाश आणून टाकले आहेत, आणि एका गोष्टीतला खलनायक पुढच्या गोष्टीत पुन्हा भेटतो. त्यांना परत न्यायला यान काही येत नाही. परवा जेवताना त्याने विचारले, "आजोबा, ही आयडिया पहिल्यांदा कुणाला सुचली?" मी म्हटले, ग्रह नंतरचा, आधी ते बेट होते. ते बेट ज्याने रंगवले त्या लेखकाच्या खलनायकांत आपला एक पेशवाही आहे. नातवाला ही थाप वाटली. म्हणून आजचे हे व्याख्यान.

लेखक म्हणजे ज्यूल व्हर्न. जन्म १८२८, मृत्यू १९०५. हिंदुस्थानात तो कधी आला नाही. मराठीला मात्र तो फार लवकर भेटला. कृ. ना. आठल्ये कोचीनमध्ये राहून 'केरळ कोकिळ' हे मासिक चालवत. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्यातून 'चंद्रलोकची सफर' क्रमशः येऊ लागली, आणि मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगताना अभ्यासक तिथूनच सुरुवात करतात. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने ही सुरुवात केली, याचा आपल्यासारख्या सुरतकरांना थोडा अभिमान वाटायला हरकत नाही. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. माझ्या पिढीने तो त्यांच्याकडूनच घेतला.

आता बेट. 'कॅप्टन ग्रँटची मुले' ही व्हर्नची कादंबरी १८६७-६८ साली पुस्तकरूपाने आली. हरवलेल्या दर्यावर्दी बापाला शोधायला त्याची दोन मुले 'डंकन' नावाच्या बोटीतून निघतात. बोटीचा मालक लॉर्ड ग्लेनारव्हन सोबत असतो. ऑस्ट्रेलियात त्यांना आयर्टन भेटतो. हा ग्रँटच्याच जहाजावरचा. बंड करू पाहिले म्हणून ग्रँटने त्याला किनाऱ्यावर उतरवून दिलेले असते. तिथे नाव बदलून तो पळालेल्या कैद्यांच्या टोळीचा म्होरक्या होतो आणि 'डंकन' बळकावण्याचा बेत करतो. बेत फसतो. पकडल्यावर तो स्वतःच सौदा मांडतो: मला इंग्रज सरकारच्या हवाली करू नका, पॅसिफिकमधल्या एखाद्या निर्जन बेटावर सोडा, मग मला माहीत आहे ते सांगतो. त्याला टेबोर बेटावर उतरवतात. अन्न, हत्यारे, अवजारे, पुस्तके, सगळे देतात. निघताना ग्लेनारव्हन त्याला सांगतो की तू कुठे आहेस हे मला ठाऊक आहे, मी ते विसरणार नाही.

हे शेवटचे वाक्य वाचक विसरून जातो. व्हर्न विसरला नाही. १८७४-७५ च्या 'रहस्यमय बेट'मध्ये पाच अमेरिकन माणसे बलूनमधून एका अज्ञात बेटावर कोसळतात. काही काळाने त्यांना बाटलीतली एक चिठ्ठी सापडते: शेजारच्या टेबोर बेटावर एक माणूस अडकला आहे. ते जातात तर तिथे जनावर झालेला आयर्टन. केस वाढलेले, अंगावर चिंधी, बोलणे गेलेले, ओळख गेलेली. दिलेल्या पुस्तकांचा काही उपयोग झालेला नाही.

आम्हा होमिओपॅथीवाल्यांना शरीराच्या आधी रोग्याच्या मनाची लक्षणे लिहून घ्यायची सवय असते. म्हणून सांगतो, व्हर्नने ही केस छान घेतली आहे. आयर्टन औषधाने बरा होत नाही, उपदेशाने तर नाहीच. ती माणसे त्याला आपल्यात ठेवतात, एवढेच. एके दिवशी तो रडतो, आणि त्यांचा पुढारी सायरस स्मिथ ओळखतो की माणूस परत आला. यानंतरही कितीतरी दिवस आयर्टन त्यांच्या पंगतीला बसत नाही, वेगळा राहतो. आपण केलेले सगळे त्याला आठवू लागलेले असते. पुढे त्याचेच जुने साथीदार चाच्यांची बोट घेऊन येतात, तेव्हा हा एकटा पोहत त्या बोटीवर जातो.

या दोन पुस्तकांच्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत. पहिल्या कादंबरीप्रमाणे आयर्टनला बेटावर सोडले ते १८६५ च्या सुमारास, दुसरीत व्हर्न सांगतो १८५५. बारा वर्षांची शिक्षा बसवायला त्याने काळच मागे ओढला. साखळीकथा लिहिणाऱ्याचे असे होते. आपल्या पुराणकारांचेही झाले आहे.

दुसरा खलनायक याच बेटावर, पण जमिनीखाली. कॅप्टन नेमो. 'समुद्राखालून वीस हजार लीग' (१८६९-७०) मध्ये तो इंग्लंड-अमेरिकेच्या लेखी समुद्रातला राक्षस आहे, जहाजे बुडवणारा. व्हर्नच्या मनात तो पोलंडचा सरदार होता, रशियनांनी ज्याचे कुटुंब मारले असा. प्रकाशक हेत्झेल म्हणाला, नको, रशियात आपली पुस्तके खपतात. म्हणून पहिल्या पुस्तकात नेमो कुठला हे सांगितलेच नाही. 'रहस्यमय बेट'मध्ये तो मरणाच्या दारात आपली ओळख देतो: मी राजपुत्र डक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाचा पुतण्या. सत्तावनच्या उठावात लढलो, माझ्या डोक्यावर इनाम लागले, बायकामुले गेली. बुंदेलखंडातल्या राजघराण्यात टिपूचा पुतण्या कसा, हे व्हर्नला विचारू नये. त्याने नकाशावरून नावे उचलली आहेत. पण भागवतांच्या पिढीच्या मराठी मुलाला ती अडचण कधी वाटली नाही. बुंदेलखंड म्हटले की झाशी, झाशी म्हटले की राणी, आणि नेमो लगेच आपल्या घरचा होऊन गेला.

व्हर्नने एक धागा अगदी शेवटी बांधला आहे. बेट ज्वालामुखीने फुटते. सगळेजण एका खडकावर उपाशी पडलेले असतात, आणि 'डंकन' येते. ती आयर्टनला न्यायला आलेली असते. त्याची मुदत भरली म्हणून, दिलेला शब्द पाळायला. टेबोर बेटावर नेमोने गुपचूप ठेवलेली चिठ्ठी वाचून ती पुढे इकडे वळते. म्हणजे एका बदमाशाला परत आणायला कुणीतरी निघाले, म्हणून पाच सज्जन वाचले. या कादंबरीतले विज्ञान, नायट्रोग्लिसरीन आणि तारायंत्र, आज शाळकरी मुलालाही जुने वाटेल. ही बोट मात्र जुनी झालेली नाही.

आता तिसरा. 'वाफेचे घर' ही कादंबरी १८८० ची. वाफेवर चालणारा पोलादी हत्ती दोन चाकांवरची घरे ओढत हिंदुस्थानभर फिरतो. कथा सुरू होते ती औरंगाबादेत, ६ मार्च १८६७ च्या संध्याकाळी. भिंतींवर जाहीरनामे लागले आहेत: मुंबई इलाख्यात आलेला बंडवाला धोंडोपंत, म्हणजे नानासाहेब, जिवंत वा मेलेला आणून देईल त्याला दोन हजार पौंड. एक फकीर येतो आणि जाहीरनाम्यावरचे नाव असलेला तुकडा फाडतो. तो फकीर म्हणजे खुद्द नाना. पुढे तो वेरूळच्या लेण्यांत भावाला भेटतो, सातपुड्यात लपतो. शेवटी कर्नल मन्रोची माणसे त्याला पोलादी हत्तीला बांधतात आणि हत्तीचा बॉयलर फुटतो.

ही कादंबरी मी इंग्रजीत वाचली ती चाळिशी उलटल्यावर. पहिली काही पाने मजा वाटली. वेरूळ, सातपुडा, आपलाच मुलूख. मग मन लागेना. डक्कर आणि नाना एकाच युद्धातले, दोघांच्याही डोक्यावर इनाम, दोघेही गुहेत लपलेले. एकाला व्हर्न मरताना तारकामंडळासारखा मान देतो. दुसऱ्याला तोंड उघडून आपली बाजूही धड सांगू देत नाही.

याचे उत्तर मला असे दिसते. डक्कर हा बनवलेला माणूस होता. नाना खरा होता, आणि कानपूर खरे होते. २७ जून १८५७ ला सतीचौरा घाटावर शरण आलेल्यांवर गोळीबार झाला. १५ जुलैला बिबीघरात इंग्रज बायकामुलांची कत्तल झाली. आपण मराठी माणसे सत्तावनवर बोलताना ही पाने भराभर उलटतो. ती उलटू नयेत. नानाचा त्यात स्वतःचा हात किती, यावर इतिहासकार भांडत राहतील, पण राज्य त्याच्या नावाने चालू होते. व्हर्नच्या पुढ्यात इंग्रजी वृत्तांत होते आणि त्यांत बिबीघर होते. त्या वृत्तांतांत नव्हते ते दुसरे टोक. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाला आठ लाखांचे पेन्शन देऊन पुण्याहून गंगेकाठी बिठूरला नेऊन ठेवले, तेव्हा एक आख्खा दरबारच परक्या बेटावर उतरवला होता. बाजीराव १८५१ मध्ये वारल्यावर दत्तकाचे पेन्शन बंद केले. टेबोर बेटावर निदान पुस्तके आणि शब्द तरी दिला होता.

खरा नाना १८५९ मध्ये नेपाळच्या तराईत शिरला आणि दिसेनासा झाला. सरकारने त्याच्यावर एक लाख रुपये लावले होते. त्याला शोधायला बरेच निघाले. परत आणायला कुणी निघाले नव्हते. आणि व्हर्न नेमो लिहीत होता त्याच वर्षांत सत्तावनचे खरे कैदी अंदमानात होते. पहिले दोनशे जण १० मार्च १८५८ ला पोर्ट ब्लेअरला उतरवले गेले. त्यांच्यापैकी कुणाला कादंबरीत जागा मिळाली नाही.

कुणाचा खलनायक आणि कुणाचा नायक, हा प्रश्न सुरतेतल्या मराठी मुलाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. माझे वडील खानदेशातून तापी खोऱ्याच्या गाडीने इथे आले. शाळेत पाचवीत इतिहासाच्या तासाला शेजारचा मुलगा म्हणाला, तुमच्या शिवाजीने आमचे सुरत लुटले. मी गप्प बसलो. घरी महाराज देव्हाऱ्याशेजारी होते, आणि वर्गात १६६४ आणि १६७० ही दोन साले फळ्यावर होती. दुसऱ्या दिवशी मी त्याला नेमोची गोष्ट सांगितली, इंग्रज ज्याला चाचा म्हणत त्याची. त्याला पाणबुडी आवडली. शिवाजीबद्दल त्याचे मत बदलले नाही. आज तो माझा पेशंट आहे आणि दर जानेवारीत आम्ही भांडतो. लूट झाली हे मी मान्य करतो. ती मोगलांचे बंदर म्हणून झाली, आणि बर्निए या फ्रेंच वैद्याने लिहिले आहे की फादर अँब्रोजच्या मठाला हात लागला नाही, हे तो आता मान्य करतो. इथवर यायला आम्हाला पन्नासेक वर्षे लागली.

सुरतेचाच आणखी एक दाखला देतो. डिसेंबर १९०७ मध्ये काँग्रेस इथे फुटली. खुर्च्या उडाल्या, जोडा उडाला, आणि नेमस्तांच्या वृत्तपत्रांत टिळक खलनायक ठरले. पुढच्याच वर्षी सरकारने त्यांना सहा वर्षांसाठी मंडालेला पाठवले. त्यांनी तिथे 'गीतारहस्य' लिहिले. आयर्टनला जे जमले नाही ते त्यांना जमले, पण प्रत्येकाला टिळक होता येत नाही, आणि एकांतवासाची शिक्षा देणारे नेहमी टिळकांचेच उदाहरण पुढे करतात.

विसाव्या शतकात बेटाचा ग्रह झाला. रॉबर्ट शेक्लीने १९६० मध्ये ओमेगा हा कैद्यांचा ग्रह रंगवला. हाइनलाइनने १९६६ मध्ये चंद्रालाच तुरुंग करून त्याचे बंड घडवले. सिल्व्हरबर्गच्या १९६८ च्या 'हॉक्सबिल स्टेशन'मध्ये राजकीय कैद्यांना ग्रहावर न पाठवता भूतकाळात टाकले आहे, जमिनीवर गवताचे पाते नव्हते अशा काळात. मराठी विज्ञानकथा या वाटेने फारशी गेली नाही. १९७४ मध्ये नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली, तेव्हापासून आपली विज्ञानकथा शास्त्रज्ञांच्या खोलीत वाढली. तिथे कोडे असते, संकट असते. दुष्ट माणूस क्वचित असतो, आणि असला तर गोष्टीच्या शेवटी त्याचे काय झाले हे कुणी विचारत नाही.

मी जैन घरातला, म्हणून मला याची चुटपुट लागते. विमलसूरींच्या 'पउमचरियं'पासून जैन रामायणातला रावण राक्षस नाही. तो विमानातून फिरणारा विद्याधर आहे. त्याची दहा तोंडे म्हणजे गळ्यातल्या नऊ रत्नांत पडलेली त्याच्याच चेहऱ्याची प्रतिबिंबे. युद्धानंतर गोष्ट संपत नाही. रावण नरकभूमीत जातो आणि त्याला मारणारा लक्ष्मणही तिथेच जातो. सीतेचा जीव स्वर्गात इंद्रपदाला पोचतो आणि तिथून खाली नरकात उतरतो, त्या दोघांना भेटायला. आपल्या गुजरातच्या हेमचंद्राचार्यांनी ही कथा बाराव्या शतकात पुन्हा सांगितली. पुढच्या कितीतरी जन्मांनंतर रावण तीर्थंकर होणार आहे, आणि तेव्हा त्याचा गणधर, म्हणजे पट्टशिष्य, सीतेचाच जीव असेल. लहानपणी आजी हे सांगायची तेव्हा मी विचारायचो, सीता का गेली पण खाली? आजी म्हणायची, तिला माहीत होते ना तो कुठे आहे ते.

नातवाला हे सगळे सांगून झाल्यावर त्याने पुन्हा आपल्या ग्रहाचेच विचारले: मग यान येईल का? मी त्याला सिल्व्हरबर्गचा शेवट सांगितला. परत येण्याची सोय निघाल्याचा निरोप एक दिवस हॉक्सबिलला पोचतो. तिथला सर्वांत जुना कैदी बॅरेट, पाय चिरडलेला, सगळ्यांना सांभाळणारा, जायचे नाही म्हणतो. इतक्या वर्षांनी त्याचे घर तेच झालेले असते. नातू म्हणाला, पण निरोप तर आला ना.